ओगलेबाई आणि धारेची गोळी

ओगलेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दवाखान्याच्या फरशीवर आडव्या झाल्या होत्या.

बारामतीतला एक धर्मादाय दवाखाना. बाहेर व्हरांड्यात पन्नास-साठ माणसं ताटकळलेली आणि आतल्या खोलीत पांढऱ्या कोटातली पंचेचाळिशीची डॉक्टरीण फरशीला गाल टेकवून पडलेली. तिच्यासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, वडगाव निंबाळकरचे एक बागायतदार आबा पडलेले. पांढरंशुभ्र धोतर, तसाच सदरा, फेटा काढून खुर्चीवर ठेवलेला. सत्तरीचा तो भारदस्त माणूस उजवा हात कोपरात दुमडून झटके देत होता आणि तोंड वेडंवाकडं करत होता.

"डोळे कुठे जातात, आबा?" बाई विचारत होत्या.

"वर जात्यात."

"नुसते वर, की एका बाजूला?"

आबांनी जरा आठवून पाहिलं आणि बुबुळं डावीकडे फिरवली. "हिकडं. हिकडं जात्यात. आत्ता ध्यानात आलं बगा."

"आणि आवाज येतो का तोंडातून?"

"येतो की." आबांनी तो आवाजही काढून दाखवला. तो ऐकून रांगेतली एक म्हातारी दाराशी आली आणि हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं, आबांच्या अंगात आलं. आबांचा आठ वर्षांचा नातू, ज्याच्या फिटची ही नक्कल चालली होती, तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पोट धरधरून हसत होता.

मी तेव्हा शेळगावच्या उपकेंद्रात नर्स होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझ्याबरोबर होती नऊ वर्षांची वैजू आणि तिची आजी हौसाबाई. शेळगावपासून सहा किलोमीटरवर, कालव्याच्या काठानं गेलं की यांची वस्ती. वैजूच्या आजोबांच्या काळात घरात शे-दीडशे मेंढरं होती. आता तीन एकर रान, दोन म्हशी आणि वर्षभरापासून ही वैजूची फेफऱ्याची कटकट. मी दारातून आतला प्रकार पाहिला आणि मनात म्हटलं, चला, आपण पेशंट घेऊन आलो आणि इथं डॉक्टरच कामातून गेलेली.

बाई उठल्या, साडी झटकली, आबांना हात देऊन उठवलं आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्या नातवाची फिट मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिलीये. तेव्हा डॉक्टर तुम्ही, मी कंपाउंडर. तुम्ही दाखवलंत म्हणून मला औषध कळलं."

आबा फेटा बांधताना गालातल्या गालात हसत होते. गाडीनं आलेला, मागच्या दारानं आत घ्या म्हणून निरोप धाडलेला माणूस तो. पुढं ती दाराशी उभी म्हातारी त्यांच्या पाया पडायला लागली तेव्हा मात्र ते घाईघाईनं गाडीत जाऊन बसले.

मग आमचा नंबर लागला. हौसाबाईंनी आधी ठाम नकार दिला. "मी न्हाय बाई आसलं सोंग करनार. उद्या मलाच यायला लागलं तर?"  बाई हातातलं पेन खाली ठेवून नुसत्या बसल्या. बाहेर रांग वाढतेय, माझी शेवटची एस.टी. जातेय, आणि ह्या बसल्यात. शेवटी हौसाबाईच कंटाळल्या, पदर खोचला आणि खाली बसल्या. त्यांनी जी फिट करून दाखवली तिला तोड नाही. डोळ्यांची उघडझाप, ओठांचं चाटणं, हाताची मूठ, आणि मग दाणकन पडणं. वैजू तोंडावर हात ठेवून बघत राहिली. स्वतःला काय होतं ते त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "आजे, आसं हुतंय व्हय मला?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात भीती कमी आणि कुतूहल जास्त होतं. त्या क्षणी मला बाईंची पद्धत थोडीशी कळली, पण मी मान्य करायला तयार नव्हते.

तपासताना वैजूच्या पोटावरचे तान्हेपणी दिलेले डागणीचे व्रण दिसले. मला वाटलं आता म्हातारीला चार शब्द ऐकावे लागणार. बाईंनी त्या डागांवर नुसता तळवा ठेवला आणि विचारलं, "किती महिन्यांची होती?" म्हातारी म्हणाली, "दोन. लई रडत हुती." बाई म्हणाल्या, "बरं. पुढे?"

हे "पुढे?" म्हणजे बाईंचं खास हत्यार होतं. माणूस बोलायचा थांबला की त्या "पुढे?" म्हणायच्या. तो आणखी थोडं सांगायचा. पुन्हा "पुढे?" असं करत करत माणूस घरातलं, दारातलं, सासूचं, जावेचं सगळं ओकून मोकळा व्हायचा आणि त्या गाळातून बाई आपल्याला हवं ते नेमकं उचलायच्या. मी एकदा चिडून म्हटलंही, "बाई, तुम्ही पोरांच्या डॉक्टर की सोयरीक जमवणाऱ्या?" त्यावर त्या म्हणाल्या, "फरक काय? दोन्हीकडे लोक खरी गोष्ट शेवटी सांगतात."

त्यांचं शिक्षण कुठं झालं, परदेशात किती वर्षं होत्या, बारामतीत का आल्या, यातलं मला फारसं माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, एवढं कळलं होतं. आमच्या भागात तोवर हाडाचा, डोळ्याचा, पोटाचा डॉक्टर माहीत. मेंदूचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा, अशी समजूत. माझीही तीच होती, उगीच खोटं कशाला सांगू.

दिसायला बाई अगदी साध्या. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात काळ्या पुरुषी चपला. गुडघ्यावर मारायची ती रबरी हातोडी आधी मुलाच्या हातात द्यायच्या आणि स्वतःचा गुडघा पुढं करायच्या. "मार." मूल घाबरत घाबरत मारायचं, बाईंचा पाय उडायचा, मूल खूश. एका दांडग्या पोरानं एकदा असा काही दणका दिला की बाई आठवडाभर लंगडत होत्या, पण पद्धत काही सोडली नाही. चहा बिनसाखरेचा. सगळीकडे उसाचे फड, शिवारात कारखान्याची मळी वास मारतेय, आणि ही बाई घरोघरी जाऊन म्हणणार, "साखर नको हं." एका बागायतदारणीनं तर स्पष्टच विचारलं, "का बरं? आमची साखर काय मेली?" तेव्हापासून बाई ऊस खायच्या, पण चहा तसाच.

रागही जबर होता. चिठ्ठीवर अक्षर वाईट काढलं की संपलं. मी एकदा मुलाच्या कार्डावर ‘झटके’ एवढंच लिहून पाठवलं. बाईंनी बारामतीहून चिठ्ठी धाडली: ‘सिस्टर, झटके विहिरीवरच्या मोटारीलाही येतात. कोणता हात, कोणता पाय, किती वेळ, नंतर झोपला का?’ ती चिठ्ठी आणणाऱ्या कंडक्टरनं आधी वाचली होती, मग मला दिली. मी दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी सायकल काढून त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईला म्हटलं, "करून दाखवा."

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

वैजूला गोळ्या सुरू झाल्या. रोज रात्री जेवल्यावर एक. फिट कमी झाल्या, पण थांबेनात. महिन्यातून एकदा यायचीच. बाईंनी गोळी वाढवली. पोरगी वर्गात पेंगायला लागली. तरी महिन्याला एक फिट ठरलेली. पुन्हा गोळी वाढवली. तिसऱ्या खेपेला आम्ही बारामतीला गेलो तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "बाई, हिला आवसंला येतीया. आवस झाली की दुसऱ्या दिवशी येतीयाच."

त्या दिवशी रांग दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेली होती. बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "आजी, अमावस्येचा आणि फिटचा काहीएक संबंध नाही. असलं मनात आणायचं नाही. गोळी वाढवून देते."

म्हातारीनं गोळ्यांची पुडी पदराला बांधली. मी शेजारी उभी होते. माझ्या मनात आलं, बरं झालं, मीही हेच सांगत होते इतके दिवस. त्या एका दिवशी बाईंनी "पुढे?" म्हटलं नाही, आणि मलाही ते खटकलं नाही.

पुढच्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, दुधाचा टेम्पो उपकेंद्रासमोर येऊन थांबला. मागं कॅनच्या रांगेत हौसाबाई बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर वैजू. "उठल्यापासनं चाललंय नर्सबाई, थांबंना," त्या म्हणाल्या. पोरगी निळी पडत चाललेली, हात-पाय उडताहेत, तोंडातून फेस. फिट थांबवायचं इंजेक्शन माझ्याकडं नव्हतं. तशीच टेम्पोत चढले. तिला कुशीवर वळवून धरलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बारामती. मधी कुठं थांबलास तर बघ."

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. रिकाम्या कॅनचा खडखडाट, म्हातारीचं "बिरूबा, बिरूबा" आणि माझ्या हाताखाली ते उडणारं अंग. मी नर्स होते, पण त्या तासाभरात मला काहीही करता येत नव्हतं. दवाखान्याच्या आवारात टेम्पो शिरला तसा कुणीतरी आत ओरडला. बाई स्ट्रेचरसाठी थांबल्याच नाहीत. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मागच्या फळीवरून वर चढल्या आणि कॅनच्या रांगेत गुडघे टेकून तिथंच औषध दिलं. मग हातातल्या घड्याळाकडं बघत राहिल्या. आम्ही सगळे त्या घड्याळाकडंच बघत होतो. हळूहळू हात थांबला. मग पाय. मग पोरीनं एक लांब श्वास घेतला आणि बाई एका कॅनच्या झाकणावर मटकन बसल्या.  

वैजू दोन दिवस कुणाला ओळखत नव्हती. डोळे उघडे, पण नजर आरपार. मेंदूला इजा झाली असेल का, हे बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही." एवढंच. त्या दोन दिवसांत त्या घरी गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी वैजू म्हणाली, "आजे, भूक लागली." हौसाबाई तिथंच खाली बसून रडल्या. बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

आठ दिवसांनी बाईंची जीप शेळगावात आली. "चला, वस्तीवर जायचंय," म्हणाल्या. हौसाबाई म्हशीची धार काढत होत्या. बाईंनी पिंपळाच्या सावलीत बसकण मारली, धार होईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आजी, त्या दिवशी तुमचं मी ऐकलं नाही. आज सांगा. अमावस्येला काय करता?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग ती बोलली. अमावस्येला वैजूला बिरोबाच्या ठाण्यावर न्यायचं. भंडारा लावायचा, अंगारा द्यायचा. आणि आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस, असे तीन दिवस तोंडात दुसरं औषध घालायचं नाही. "देवाला इंग्लिश औषध चालत न्हाय बाई. मंग अंगारा लागू हुत न्हाय."

म्हणजे तीन दिवस गोळी बंद. दर महिन्याला.  फिट अमावस्येला येत नव्हती, अमावस्या फिट आणत होती. म्हातारीचं निरीक्षण चोख होतं. आम्ही दोघी शिकलेल्या बायका त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळ्या झालो होतो.

बाई उठून म्हातारीसमोर जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आजी, तुमचं खरं होतं. चूक माझी. मी गोळी वाढवत गेले. जितकी वाढवली तितकी ती बंद झाल्यावर पोरगी जास्त जोरात पडत गेली. हिचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्यामुळं झालं असतं."

एवढी मोठी डॉक्टरीण, धनगराच्या म्हातारीसमोर शेणाच्या जमिनीवर बसून असं म्हणते, हे मी पाहिलं. माझ्या नोकरीत तोवर कुठल्याही साहेबाच्या तोंडून ‘चूक माझी’ हे शब्द ऐकले नव्हते. खरं सांगायचं तर नंतरही फारसे ऐकले नाहीत.

हौसाबाईच गडबडून गेल्या. "आवो आसं काय म्हणता! च्या घ्या. बिनसाकरंचा."

चहा पिता पिता बाईंनी सहज विचारलं, "आजी, म्हशीची धार अमावस्येला काढता का?"

"मंग? काढावीच लागती."

"देव रागावत नाही?"

"म्हशीला कुठली आलीया आवस? एक येळची धार चुकली तर कास दगडावानी हुती. म्हस मरंल की..." आणि म्हातारी मध्येच थांबली. कपबशी तशीच हातात. तिनं गोठ्याकडं पाहिलं, मग दारात भाकरी खात बसलेल्या वैजूकडं पाहिलं. "म्हंजी हिचंबी तसंच हाय का?"

"तसंच आहे," बाई म्हणाल्या.

"आस्सं व्हय. मंग सांजच्या धारंला देत जाते. धार काढली की गोळी. आंगाऱ्याचं आंगारा, गोळीचं गोळी."

त्या दिवसापासून वैजूची रात्रीची गोळी संध्याकाळच्या धारेची झाली. आणि फिट थांबल्या. पुढच्या अमावस्येला मी मुद्दाम वस्तीवर जाऊन बसले होते. दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. काही झालं नाही. परत येताना कालव्याच्या काठानं मी सायकल कशी मारली ते माझं मलाच आठवत नाही.

दुसरी एखादी डॉक्टर असती तर इथंच थांबली असती. बाई त्या दिवशी वस्तीवरून परतताना जीपमध्येच विचार करायला लागल्या होत्या. "सिस्टर, अशा किती वैजू असतील? आणि संध्याकाळी धार काढल्यावर त्या सगळ्या घरांतली माणसं कुठे जातात?"

"डेअरीत," मी म्हटलं. "दूध घालायला."

"रोज?"

"दिवसातून दोनदा. आभाळ कोसळलं तरी."

बाईंनी ड्रायव्हरला जीप तिथंच वस्तीलगतच्या वाडीच्या दूध केंद्राकडं वळवायला लावली.

ते केंद्र चालवायचे तात्या. जाडजूड भिंगाचा चष्मा, खांद्यावर टॉवेल आणि जीभ अशी तिखट की दुधात पाणी घालणाऱ्यानं त्यांच्यासमोर उभं राहू नये. बाईंनी त्यांना दोन तास बसवून सगळं समजावलं. तात्या ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी मी दूधबी मोजायचं आन् मेंदूबी." पण तयार झाले. आठवड्याच्या गोळ्या मी केंद्रात नेऊन ठेवायच्या. संध्याकाळी दूध घालायला जो येईल त्याच्या हाती तात्यांनी त्या दिवसाची गोळी द्यायची. अडचण एकच होती. पोरीला फिट येते हे चारचौघांत कळलं की तिचं लग्न मोडलंच समजा. त्यावर तोड तात्यांनीच काढली. दुधाची पावती ते घडी घालून द्यायला लागले, सगळ्यांनाच. कुणाच्या घडीत गोळी आहे आणि कुणाच्यात नाही, हे घेणाऱ्याला आणि तात्यांनाच ठाऊक.

इंदापुरात यावर बैठक झाली. तिथले आरोग्य खात्याचे एक साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "म्याडम, डेअरीत औषधं? उद्या दवाखान्यात म्हशी बांधा म्हणाल." सगळे हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपल्या उपकेंद्रात न बोलावता महिन्याला किती माणसं येतात?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "डेअरीत रोज अख्खं गाव येतं," बाई म्हणाल्या. "मी लोकांना माझ्याकडे बोलावून थकले. आता लोक जिथे जातात तिथे मी जाणार."

तरी कागद काही हलेना. नियमात बसत नाही, एवढंच उत्तर. तेव्हा मदतीला आले ते वडगावचे आबा. दूध संघात त्यांच्या शब्दाला वजन होतं. संघाच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या नातवाला फिट येत्यात. आजवर लपवत हुतो. मी सोता या बाईम्होरं खाली पडून फिट दावलीया. मला लाज न्हाय वाटली, मंग तुमाला डब्यात चार गोळ्या ठेवायला का लाज वाटती?" सभेत कुणाचं घर असं नव्हतं की जिथं एखादं लपवलेलं मूल नाही. खाली माना घातलेली माणसं मी पाहिली. पुढच्या महिन्यापासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या केंद्रांवर धारेची गोळी सुरू झाली.

मग बाईंचं नाव झालं. जिल्ह्यानं त्यांना बोलावलं, मग राज्यानं. पुण्याहून गाड्या भरून डॉक्टर लोक बघायला यायचे. बाई स्वतः भाषण करत नसत, तात्यांना उभं करत. तात्या सांगायचे, "आमी दुधातलं फॅट बघतो, यसेनेफ बघतो, तसंच ह्येबी बघतो." पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. मला मात्र या सगळ्यात बाईंनी एक काम दिलं होतं. नव्या नर्सेसना शिकवायचं. काय शिकवू म्हटलं तर म्हणाल्या, "माझी अमावस्येची चूक सांगा. नाव घेऊन सांगा." आणि दर वर्गात मी ती सांगायची. मागं खुर्चीवर बाई बसलेल्या असायच्या आणि मान डोलावायच्या. मी पगार घेत होते कितीतरी वर्षं, पण नर्स झाले ती बाईंमुळं. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणाले नाही याची मला आज रुखरुख आहे.

वैजू सातवी पास झाली त्या उन्हाळ्यात बाईंची नवी नेमणूक ठरली. मुंबईत, राज्याच्या मोठ्या कामावर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. आणि त्याच वेळी वैजूचा प्रश्न उभा राहिला.

वाडीतली शाळा सातवीपर्यंत. आठवीला शेळगावच्या हायस्कूलला जायचं, सहा किलोमीटर, कालव्याच्या काठानं. एस.टी. त्या वाटेनं जात नव्हती. वाडीतल्या मुली सायकलवर जायच्या. तात्यांची लेक सासरी गेल्यापासून तिची सायकल केंद्रात पडून होती, ती तात्या द्यायला तयार होते. पण बाईंचाच नियम होता, कार्डावर छापलेला: फिट थांबून तीन वर्षं होईपर्यंत सायकल नाही, विहीर नाही, झाड नाही. वैजूला तीन वर्षं भरायला चार महिने कमी होते. चार महिने घरी बसली की शाळा सुटली, हे ठरलेलं. घरात स्थळाची कुजबुज सुरूही झाली होती.

हौसाबाई म्हणाल्या, "बाई सांगतील त्ये मी ऐकीन. त्या न्हाय म्हनल्या तर न्हाय."

बाई वस्तीवर आल्या. त्यांनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं. कालवा भरून वाहत होता. एक फिट पुरे होती. "मी परवानगी दिली आणि काही झालं तर?" त्या म्हणाल्या. त्यांना तो टेम्पो आठवत असणार, मलाही आठवत होता.

वैजू चुलीपाशी भाकरी थापत होती. तेरा वर्षांची झाली होती. उंच, किडकिडीत. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता म्हणाली, "बाई, सायकलवर मला फिट यील म्हणून सायकल नगं. मंग चुलीम्होरं यायची न्हाय व्हय? हितं तर मी रोज बसतीया. तवा कोन न्हाय म्हनलं न्हाय."

 कार्डावर ‘विस्तवापासून लांब’ हेही छापलेलं होतं. पण ते एकाही घरानं कधी पाळलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला कधी विचारलं नव्हतं.

बाई उठून चुलीपाशी गेल्या. वैजूच्या शेजारी पाटावर बसल्या. जाळाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढे?"

"म्होरं काय न्हाय," वैजू म्हणाली. "मला शाळंत जायचंय."

"जा," बाई म्हणाल्या. "गोळी चुकवायची नाही. एकटीनं जायचं नाही, वाडीतल्या पोरींच्या बरोबर राहायचं, कालव्याच्या बाजूनं नाही, आतल्या बाजूनं. आणि आजी, भाकऱ्या तुम्ही थापा. तीन वर्षं भरेपर्यंत हिनं चुलीला हात लावायचा नाही."

"मी थापते की," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथं वैजूच्या हातातलं पीठ काढून घेतलं.

शाळा सुरू झाली तो दिवस बाईंचा जायचा दिवस. त्यांना दुपारपर्यंत पुणं गाठायचं होतं. पण सकाळी जीप वाडीत हजर. मला मागं बसवलं. पुढं चार मुलींच्या सायकली, त्यात वैजू, आणि मागं पन्नास पावलांवर आमची जीप, पहिल्या गिअरमध्ये. बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "जवळ जाऊ नकोस. तिला कळता कामा नये." आता मोकळ्या रस्त्यावर मागं घरघरणारी जीप कुणाला कळणार नाही?  कालव्याच्या पुलाला कठडा नव्हता. तिथं चढ लागला तशी वैजू सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारायला लागली. बाईंनी माझं मनगट धरलं होतं. पूल ओलांडून सायकली उतारानं गेल्या तेव्हा त्यांनी ते सोडलं. माझ्या हातावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

हायस्कूलच्या फाटकातून मुली आत गेल्या. वैजूनं सायकल स्टँडवर लावली, दप्तर काढलं आणि मागं न बघता वर्गाकडं पळाली. मी तिथंच उतरले.  बाई म्हणाल्या, "चला, उशीर झाला." जीप निघाली.

शंभर पावलं गेली असेल नसेल, थांबली. बाई खाली उतरल्या आणि भराभर चालत परत आल्या. मला वाटलं काही विसरलं. त्या माझ्या शेजारून सरळ फाटकातून आत गेल्या, सायकलींच्या रांगेत वैजूची सायकल शोधली, स्टँडवरून काढली आणि दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहिले. सायकल पुढं ढकलली, पुन्हा दाबले. मग ती होती तशी लावून माझ्याकडं आल्या.

"पुढचा ब्रेक ढिला आहे," त्या म्हणाल्या. "आजच घट्ट करून घ्या."

आणि गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

दुपारी मी गावातला सायकलवाला शाळेत घेऊन गेले आणि तो ब्रेक घट्ट करून घेतला. पाच वाजता शाळा सुटली. वैजू मुलींच्या घोळक्यात बडबडत पुलापर्यंत गेली, चढावर उभी राहून पायडल मारले आणि पलीकडं उतरून दिसेनाशी झाली. मागं कुणी नव्हतं.